काचेतील मेणबत्तीवरील पांढरे डाग

सोलापूरहून पुण्याच्या रस्त्याने निघाले म्हणजे मोहोळ येण्यापूर्वी चिंचोळीची औद्योगिक वसाहत लागते. वैशाखात तेथील पत्र्याच्या छपरांवर ऊन नुसते ओतत असते. पारा ४० अंशांच्या वर चढतो, आणि तोच पौषातील पहाटे १५-१६ अंशांपर्यंत उतरतो. अशा हवेत सोयाबीनच्या मेणाच्या, काचेच्या बरणीत ओतलेल्या मेणबत्त्या करण्याचा घरगुती व्यवसाय जी गृहिणी आरंभील, तिची पहिली परीक्षा ही हवाच घेते. दिवाळीच्या तोंडावर रात्री जागून तिने तीस बरण्या ओतल्या. सकाळी पाहते तो कोठे काचेला आतून पांढरी बुरशी धरल्यासारखी दिसते, कोठे ओल आल्यासारखा डाग पडलेला, कोठे वातीभोवती खड्डा. दुकानदार म्हणतो, माल खराब आहे. भांडवल गुंतलेले, सण आठ दिवसांवर आलेला. या तिन्ही खुणांना एकच नाव देऊन सगळा माल टाकून द्यावयाचा काय, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर हे मेण मुळात आहे काय, यात सापडते. द्रवरूप तेलात हायड्रोजन मिसळून त्याला घट्टपणा आणण्याच्या कृतीचे पेटंट विल्हेल्म नॉर्मान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९०२ साली घेतले. आपल्याकडे १९३७ पासून घरोघरी गेलेला डालडा हा त्याच कृतीचा प्रसाद. पुढे १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेत सोयाबीनचे तेल तसेच घट्ट करून त्याच्या मेणबत्त्या होऊ लागल्या. तेव्हा याला मेण म्हणावयाचे ते केवळ व्यवहारापुरते. खनिज तेलापासून निघणाऱ्या पॅराफिनचे हे सोयरे नव्हे, तुपाचे व वनस्पतीचे आहे. आणि तूप थिजताना काय करते, हे महाराष्ट्रातील कोणत्याही स्वयंपाकघरात सांगण्याची गरज नाही. लोणकढे तूप सावकाश निवले की त्यात रवा पडतो, आणि तो पाहून सासूबाई संतुष्ट होतात. मेणबत्तीवरील पांढरी झाक म्हणजे हाच रवा होय! स्निग्ध पदार्थाचे स्फटिक एका आकारात थिजतात आणि पुढे ऊबथंडीच्या फेऱ्यांत दुसरा, अधिक टिकाऊ आकार घेतात. जुन्या चॉकलेटवर पांढुरकी पूड दिसते तीही त्यामुळेच. बुरशीचा येथे संबंध नाही. ज्योत, सुगंध, जळण्याचा काळ, यांपैकी कशातही तिने उणेपणा येत नाही.

तरीही ती कमी करता येते. मेण पाण्याच्या पातेल्यात ठेवलेल्या भांड्यात ८० ते ८५ अंशांपर्यंत तापवून त्यात सुगंधी तेल मिसळावे, हलक्या हाताने ढवळीत ६० अंशांच्या आसपास आणावे, आणि मग ओतावे. बरण्या पंख्याखाली किंवा उघड्या खिडकीपाशी ठेवू नयेत. पत्र्याच्या खोलीत दिवसा भट्टी आणि रात्री गारवा असतो. तेथे त्या खोक्यात झाकून ठेवलेल्या बऱ्या. रंग घातला असेल तर ही झाक दुप्पट उठून दिसते. म्हणून नवख्या हाताने आधी पांढरीच मेणबत्ती करावी, यात शहाणपणा आहे.

ओलसर दिसणाऱ्या डागात ओल मुळीच नसते. मेण थिजताना आकसते आणि काचेपासून सुटते. त्या फटीत शिरलेली हवा निराळी चमकते, इतकेच. थंडगार काचेत कढत मेण ओतले की हे हमखास घडते. बरणी स्वच्छ पुसून किंचित कोमट करावी आणि दोन बरण्यांत चार बोटांचे अंतर ठेवावे, म्हणजे एकीची ऊब दुसरीला लागत नाही. वातीजवळचा खड्डा याच आकसण्याचा दुसरा प्रकार: वरची साय आधी थिजते, आतला भाग मागाहून निवतो आणि पोकळी राहते. खड्ड्यावर केस वाळविण्याच्या यंत्राचा गरम वारा फिरवून पृष्ठभाग पुन्हा वितळवावा. आत पोकळी असल्यास काडीने ती मोकळी करून थोडे मेण वरून ओतावे. पृष्ठभागावर घामासारखे थेंब आले तर सुगंधी तेल मेणाला झेपले नाही असे समजावे. शंभर ग्रॅम मेणास सहा ते आठ ग्रॅम सामान्यतः पुरे होते.

अडचण अशी की, एका दोषाचा उपाय दुसऱ्याचे कारण ठरतो. गरम ओतले तर वरचा भाग गुळगुळीत येतो, पण झाक वाढण्याचा संभव असतो. थंड ओतले तर झाक कमी, पण वर खडबडीतपणा येतो. यासाठी एक वही ठेवावी. ओतण्याची उष्णता, खोलीची उष्णता, बरणीचा आकार आणि वार टिपावा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. चिंचोळीच्या मे महिन्यात जमलेले माप डिसेंबरात जमणार नाही, हे वही दोन ऋतूंत शिकविते. मे महिन्यात आणखी एक संकट म्हणजे बंद टेम्पो. हे मेण ५० अंशांच्या आसपास वितळते आणि भर उन्हात उभ्या वाहनाच्या आत तेवढी उष्णता सहज होते. माल रात्रीच पाठवावा.

काही विक्रेते झाक लपविण्यासाठी निम्मे पॅराफिन मिसळतात आणि वर मात्र 'शुद्ध सोया' अशी चिठ्ठी लावतात. मिश्रण करणे हा गुन्हा नव्हे. चिठ्ठी खोटी असणे ही फसवणूक आहे. त्यापेक्षा चिठ्ठीवर 'पांढरी झाक हा या मेणाचा स्वभाव आहे' एवढी एक ओळ छापणे स्वस्त पडते.

याउलट, दिसण्यात निर्दोष असलेली बरणी कधी कधी खरा धोका घेऊन येते. वात फार जाड असली की ज्योत उंच जाते, काजळी धरते आणि काच तापते. बारीक असली की भोवती मेण तसेच राहून मध्ये विहीर पडते. प्रत्येक नव्या बरणीची एक मेणबत्ती घरीच अखेरपर्यंत जाळून पाहावी. वात पाव इंचाहून लांब ठेवू नये, तळाशी अर्धा इंच मेण उरले की विझवावी. चीर गेलेली किंवा साध्या पातळ काचेची बरणी, ती कितीही सुरेख दिसो, वापरू नये. आणि तापलेल्या मेणाने पेट घेतला तर त्यावर पाणी कदापि ओतू नये. झाकण घालावे आणि शेगडी बंद करावी.