पोलादातला चुना मोजताना



पोलादात कॅल्शियम घालतात, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. चुन्यातली ही धातू १४८४ अंशांना उकळते आणि वितळलेले पोलाद असते सुमारे १६०० अंशांवर. म्हणजे घातलेल्यातले बरेचसे वाफ होऊन जायचेच. उरते ते दहा लाख भागांत दहा-वीस-तीस भाग. पण त्यावर सारे ओतकाम अवलंबून! पोलादातला प्राणवायू काढण्यासाठी ॲल्युमिनियम घालतात. त्यातून ॲल्युमिनाचे घट्ट कण होतात आणि ओतण्याची तोटी बुजवतात. बेताचे कॅल्शियम मिळाले की हे कण द्रवरूप होतात. ते जास्त झाले आणि गंधकही असले, तर कॅल्शियम सल्फाइड होऊन तोटी पुन्हा बुजते. तेव्हा अंदाजाने भागत नाही, आकडा हवा.

ऑस्ट्रेलियात ॲलन वॉल्श यांनी १९५५ साली मांडलेल्या पद्धतीत पोलादाचे द्रावण ज्योतीत फवारतात. कॅल्शियमचे अणू ४२२.७ नॅनोमीटर लांबीचा प्रकाश शोषतात, मॅग्नेशियमचे २८५.२ चा. ॲल्युमिनियम कॅल्शियमला अडवून धरते. म्हणून लँथॅनम घालावे लागते.

मॅग्नेशियम बहुधा भट्टीच्या अस्तरातून आणि मळीतून येते. त्याचे स्पिनेल नावाचे संयुग आम्लाला सहजी दाद देत नाही. गाळणकागदावरचा गाळ फेकला की मॅग्नेशियमही गेले! तो जाळून, क्षारांबरोबर वितळवून मूळ द्रावणात मिळवावा लागतो.

पण खरी पंचाईत निराळीच आहे. एक ग्रॅम पोलादात वीस भागांच्या हिशेबाने कॅल्शियम असते २० मायक्रोग्रॅम. नळाच्या पाण्यात लिटरमागे ४० मिलिग्रॅम कॅल्शियम असेल, तर त्याच्या एका थेंबातच २ मायक्रोग्रॅम झाले. साध्या काचेत चुना, भिंतीच्या धुळीत चुना, बोटांच्या घामातही कॅल्शियम! म्हणून भांडी क्वार्ट्झची किंवा प्लॅस्टिकची घ्यायची, आम्ले अतिशुद्ध, आणि पोलाद न घालता सगळा खटाटोप एकदा कोराच करायचा. कोऱ्या प्रयोगात १५ मायक्रोग्रॅम आले आणि पोलादासह ३५, तर पोलादाचे २०. कारखान्यातले लोक एवढ्यावर खूष होतात. परंतु तोच कोरा आकडा आज १० आणि उद्या २० आला, तर त्या विसाला आधार काय? अशा वेळी यंत्र उघडण्याची घाई करू नये. आधी मोरीत जाऊन, भांडी शेवटी कोणत्या पाण्याने विसळली ते विचारावे.