पुसू नकोस, शोध
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



मी आज एका खेळण्याबद्दल बोलणार आहे. बी-बॉट हा मधमाशीच्या आकाराचा छोटा रोबोट. त्याच्या पाठीवर बाणांची बटणं असतात. ती हव्या त्या क्रमाने दाबायची, मग 'गो' दाबायचं, की तो तसा चालतो. एक पाऊल 15 सेंटिमीटरचं. वर्गात संगणक लागत नाही, इंटरनेट लागत नाही. म्हणून गेल्या वर्षी मी तो गावाकडच्या जिल्हा परिषद शाळेत घेऊन गेले.

तिसरी-चौथीचा एकत्र वर्ग. मुलांनी फुटपट्टीच्या निम्म्या मापाचे चौकोन खडूने फरशीवर आखले. एकात शाळा, एकात विहीर. मधमाशीला विहिरीवर न्यायचं होतं, पण ती दर वेळी भलतीकडेच जायची. उजवा बाण दाबला की ती जागच्या जागी वळते, पुढे सरकत नाही, हे मुलांना ठाऊक नव्हतं. मला होतं. मी पटकन बटणं दाबली, ती विहिरीवर पोचली. टाळ्या झाल्या. मग कोणी बटणाला हातच लावेना. "मॅडम, तुम्हीच करा."

तेव्हा मला आपल्या गणिताच्या बाई आठवल्या. फळ्यावर उत्तर चुकलं की मी तळहाताने पुसायला जायचे. बाई म्हणायच्या, "पुसू नकोस. कुठल्या पायरीवर चुकलं ते शोध." आमच्या कामात याला डिबगिंग म्हणतात. वीस वर्षं त्यावरच पगार घेते आहे, आणि वर्गात नेमकं तेच विसरले!

पुढच्या शनिवारी मी हात बांधून बसले. चौथीतली एक मुलगी स्वतःच चौकोनात उभी राहिली, जागेवर वळली आणि ओरडली, "अगं, ही नुसती वळते! अजून एकदा पुढे दाबायला पाहिजे." 1967 मध्ये मुलांसाठी लोगो ही संगणकभाषा घडवणाऱ्यांपैकी एक, सीमोर पेपर्ट, यांचं सांगणं हेच होतं: रोबोट-कासवाची वाट कळेना, तर स्वतः कासव होऊन चालून पाहा.

रोबोट एकच, मुलं चोवीस. म्हणून आता एक मूल रोबोट होतं, बाकीची बाणांची कार्डं मांडतात. चुका तेवढ्याच होतात, शोधाव्याही तेवढ्याच लागतात.

आणखी रोबोटांसाठी वर्गणी काढू, असं सकाळपासून काहीजण म्हणताहेत. आभार. पण आधी एकेक शनिवार द्या. शाळेत शिक्षक दोनच आहेत. चुकलेल्या मुलाजवळ थांबायला माणूस हवा.

बाई, तुम्ही समोर बसला आहात. पहिला शनिवार तुमच्यासाठी राखून ठेवलाय.