वडी कुरकुरीत, हिशेब सरळ

शहरातल्या दुकानांत चकचकीत वेष्टनातले प्रोटीन बार मिळतात. ते पाहून आमच्या बचत गटातल्या बायका म्हणाल्या, ही तर आपली चिक्कीच! मग आम्हीही शेंगदाणे, डाळं, तीळ आणि राजगिऱ्याच्या लाह्यांची वडी करायला घेतली.

पहिला घाणा फसला. वडी दाताला चिकटायची, दुसऱ्या दिवशी मऊ पडायची. चूक पाकात होती. आता आम्ही चिकीचा गूळ घेतो आणि पाकाचा थेंब वाटीभर गार पाण्यात टाकून बघतो. तो कडक होऊन कट्‌कन मोडला की पाक झाला. शेंगदाणे आणि तीळ वेगवेगळे, मंद आचेवर खमंग भाजायचे. काळपट, सुरकुतलेले, बुरशीचे दाणे आधीच निवडून फेकायचे, कारण त्या बुरशीचं विष भाजूनही पुरतं जात नाही. लाह्या शेवटी घालायच्या. वड्या गरम असतानाच कापायच्या, पण पूर्ण गार झाल्याशिवाय पाकिटात भरायच्या नाहीत. आतली वाफ कुरकुरीतपणा घालवते.

एका दुकानदाराने सांगितलं, "पाकिटावर दहा ग्रॅम प्रोटीन छापा, माल उचलतो." आम्ही वही काढून हिशेब मांडला. किलोभर मालात 300 ग्रॅम शेंगदाणे, 250 ग्रॅम डाळं, तीळ आणि लाह्या 50-50 ग्रॅम, बाकी 350 ग्रॅम गूळ. शेंगदाण्यात शंभर ग्रॅमला सुमारे 24 ग्रॅम प्रथिनं, डाळ्यात 20 ते 22, तिळात 18च्या आसपास, राजगिऱ्यात 14. गुळात जवळजवळ नाहीतच. म्हणजे 30 ग्रॅमच्या वडीत प्रथिनं भरतात चार ग्रॅमच्या आसपास. दहा कुठून छापणार? ती ऑर्डर गेली. घरी बोलणीही बसली. पण आमची वडी आमच्याच गावची मुलं खातात, त्यांच्या आयांना खोटं कसं सांगायचं?

चार ग्रॅम थोडे वाटतील. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020च्या शिफारशीप्रमाणे वजनाच्या किलोमागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिनं लागतात. 55 किलोच्या बाईला साधारण 46 ग्रॅम. तेव्हा वडी म्हणजे जेवण नव्हे. वरण, उसळ, दूध, अंडं जे परवडेल ते ताटात हवंच. पण नुसत्या चहा-बिस्किटापेक्षा वडी केव्हाही बरी. शिवाय डाळीत जे कमी असतं ते तीळ भरून काढतो.

आता खरी गोष्ट. एके दिवशी वड्या कापताना आमच्यातलीच एक बाई चक्कर येऊन खाली बसली. सकाळपासून पोटात फक्त चहा. समोर परातभर वड्या, आणि तिने एक तुकडा तोंडात टाकला नव्हता. "विकायच्या आहेत ना," म्हणाली. आम्ही सगळ्या गप्प झालो, कारण आमचंही तेच होतं. गावाला ताकद विकत होतो आणि स्वतः उपाशी राहत होतो.

त्या दिवसापासून नियम केला. पाकिटं भरण्याआधी प्रत्येकीने एक वडी बसून खायची. तिचा खर्च गटाच्या हिशेबात धरलाय. लगेच चहा घ्यायचा नाही, कारण चहा अन्नातलं लोह नीट अंगी लागू देत नाही.

दोन सूचना. एका वडीत दोन चमचे गूळ जातो, म्हणून मधुमेह असेल तर डॉक्टरांना विचारूनच खा. आणि अगदी लहान मुलांना अख्ख्या दाण्याची वडी देऊ नका, दाणा घशात अडकतो. त्यांना कूट करून द्या.

मैत्रिणींनो, सगळ्यांना वाढून झाल्यावर पातेल्यात उरेल ते आपलं, हे आता पुरे. आज आपल्या वाटणीचं आधी काढून ठेवा.