ड्रॉईंगचा तास
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



आयोजकांनी मला 'संगणक आणि आजचा विद्यार्थी' हा विषय दिला होता. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते म्हणून दिला असणार. पण त्या विषयावर मी आज बोलणार नाही, त्याबद्दल आधीच माफी मागते. मी आपल्या ड्रॉईंगच्या तासाबद्दल बोलणार आहे. कारण आपल्यापैकी बऱ्याच जणांची मुलं आता दहावी-बारावीला आहेत आणि त्यातल्या एखाद्याच्या घरी लवकरच तो प्रश्न येणार आहे, जो माझ्या घरी चार वर्षांपूर्वी आला.

ड्रॉईंगचा तास आठवतो ना? आठवड्यातून दोनदा, तोही जेवणाच्या सुट्टीनंतर. रंगाची पेटी चौघींत एक. परीक्षा जवळ आली की आपणच सरांकडे जायचो, "सर, आजचा तास गणिताला द्या ना." आणि सर एक शब्दही न बोलता वर्ग सोडून द्यायचे. तेव्हा आपल्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. चित्रकला म्हणजे वेळ उरला तर करायची गोष्ट, हे आपण घरून शिकूनच आलो होतो.

तरी सरांनी आम्हा सात-आठ जणांना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला बसवलं. पहाटेच्या एसटीने हिंगोली, हातात पॅड, पिशवीत ब्रश आणि पाण्याचा डबा. वस्तुचित्राला बादली, वांगं आणि अर्धवट लोंबणारा नॅपकिन ठेवला होता. बादलीच्या तोंडाची लंबगोल रेष मी पाच वेळा खोडली होती. दोन्ही परीक्षांत मला 'अ' श्रेणी मिळाली.

१९९६ साली दहावीचा निकाल लागला. आपला जिल्हा तेव्हा परभणीच होता, हिंगोली जिल्हा व्हायला अजून तीन वर्षं होती. निकालाच्या दुसऱ्या दिवशी सर सायकलवर आमच्या घरी आले. ओसरीवर बसून दादांना म्हणाले, "औरंगाबादला सरकारी कला महाविद्यालय आहे. दहावीवर फाउंडेशनला घेतात. पोरीचा हात चांगला आहे, पाठवा." दादा म्हणाले, "सर, चित्रावर पोट भरतं का हो?" सरांनी बरंच समजावून पाहिलं. मी आतल्या खोलीत दाराआड उभी होते. बाहेर येऊन "मला जायचंय" एवढं म्हणायचं होतं. मी म्हटलं नाही. आईने चहा ठेवला होता, तो उकळायच्या आत सर निघून गेले.

पुढे मी अकरावी विज्ञान, मग इंजिनिअरिंग केलं. नोकरी चांगली लागली. दादांना मी दोष देत नाही. कोरडवाहू शेती असलेल्या बापाने जे म्हणायला हवं, तेच ते म्हणाले. माझी तक्रार माझ्याबद्दलच आहे, आणि ती पुढची गोष्ट ऐकल्यावर तुम्हाला कळेल.

माझी मुलगी बारावीला असताना एका रात्री म्हणाली, "आई, मला बी.एफ.ए. करायचंय. फोटोग्राफी." आणि मी, दोन्ही परीक्षांत 'अ' श्रेणी मिळवलेली मी, तिला म्हणाले, "फोटो काय, मोबाईलवर कोणीही काढतं. त्यावर पोट भरतं का?" शब्द तोंडातून गेले आणि मला दादांची ओसरी दिसली. फरक एवढाच, की माझी मुलगी दाराआड उभी नव्हती. ती समोर बसून म्हणाली, "तू आधी माहिती तरी काढ, मग नाही म्हण."

मग मी माहिती काढली. त्यातलं थोडं तुम्हाला सांगते.

बी.एफ.ए. हा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आहे. बारावी कुठल्याही शाखेतून चालते. आपल्या राज्यात त्यासाठी सीईटी असते. तिचे विषय वाचले आणि मला हसू आलं: वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र आणि सामान्य ज्ञान. सर, पहिले तीन विषय तुम्ही आमच्याकडून आठवी-नववीतच करून घेत होतात! सरकारी महाविद्यालयं मुंबई, नागपूर आणि आता छत्रपती संभाजीनगर म्हणतो त्या औरंगाबादला आहेत. मुंबईचं जे.जे. तर १८५७ पासून चालू आहे, जमशेटजी जीजीभॉय यांनी दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून उभं राहिलेलं. फोटोग्राफी बहुतेक ठिकाणी उपयोजित कलेत शिकवतात. त्याच विषयात पुढे पदव्युत्तर शिक्षण घ्यायचं, तर राष्ट्रीय डिझाईन संस्थेच्या गांधीनगर केंद्रात सोय आहे.

आणि हे नवीन फॅड आहे असं कोणी म्हणालं, तर त्याला दादासाहेब फाळक्यांचं उदाहरण द्या. चित्रपटाचे फाळके आपल्याला माहीत आहेत. पण ते शिकले काय? १८८५ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, ते जे.जे.त दाखल झाले. नंतर बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या कलाभवनात गेले. तिथे चित्रकला, छपाई, फोटोग्राफी असं सगळं एकाच छताखाली होतं. मग त्यांनी गोध्र्याला फोटोचा स्टुडिओ काढला, पुढे पुरातत्त्व खात्यात नोकरी केली, छापखान्यात काम केलं. १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' या सगळ्या शिक्षणातून आला. त्र्यंबकेश्वरच्या शास्त्रीबुवांचा मुलगा एकोणिसाव्या शतकात कला आणि कॅमेरा शिकायला घराबाहेर पडला होता. आपण एकविसाव्या शतकात अजून अडतोय.

दुसरं उदाहरण आपल्या जवळचं आहे, कारण आपलं गाव पूर्वी निजामाच्या राज्यात होतं. त्या राज्याचे दरबारी छायाचित्रकार होते लाला दीनदयाळ. ते मूळचे कोण? इंजिनिअर! रुरकीच्या कॉलेजात शिकले, इंदूरला बांधकाम खात्यात नकाशे आणि अंदाजपत्रकं करायचे. कॅमेरा हाती आल्यावर त्यांनी नोकरी सोडली. सहाव्या निजामाने त्यांना 'राजा' हा किताब दिला. म्हणजे इंजिनिअरिंगमधून फोटोग्राफीत जाणं हाही काही आजचा वेडेपणा नाही.

घरात बरीच चर्चा झाली आणि मुलीने पुण्यात प्रवेश घेतला. आता ती तिसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या वर्षी तर कॅमेऱ्याला हातच लावू दिला नाही. वर्षभर रेषा, वस्तुचित्र, पर्स्पेक्टिव्ह, रंग, मातीकाम आणि कलेचा इतिहास. मी चिडून म्हणाले, "फी फोटोग्राफीची आणि काढतेस बादल्या?" ती म्हणाली, "बादलीवर उजेड कुठून पडतो ते कळल्याशिवाय फोटो कशाचा काढू?"

दुसऱ्या वर्षी कॅमेरा आला. बावीस हजारांना जुना घेतला. छिद्राचे ते आकडे, २, २.८, ४, ५.६, ८, मला आधी वेडेवाकडे वाटले. मग लक्षात आलं, प्रत्येक आकडा आधीच्याच्या वर्गमूळ दोन पट आहे, म्हणून प्रत्येक पायरीला उजेड बरोबर निम्मा होतो. गणिताचे सर समोर बसलेत, त्यांना आनंद होईल. ड्रॉईंगच्या सरांकडून आपण जे तास मागून घेतले, ते असे परत आले!

एकदा तिला गृहपाठ होता: स्टीलच्या तांब्याचा फोटो. मी म्हटलं, दोन मिनिटांचं काम. करून बघा तुम्ही घरी. स्टील म्हणजे आरसाच. तांब्यात खिडकी दिसते, पंखा दिसतो, फोटो काढणारीसुद्धा दिसते. ती तीन दिवस त्या तांब्याशी झगडत होती. चहूबाजूंनी पांढरी चादर लावली, तर तांब्याच्या कडाच दिसेनात, सगळं पांढरं. मग दिव्यासमोर बटर पेपर लावला, आणि दोन्ही बाजूंना फोटोत दिसणार नाहीत अशा काळ्या कागदाच्या पट्ट्या उभ्या केल्या. त्या पट्ट्यांचं प्रतिबिंब काठावर पडलं आणि तांब्याला आकार आला. दीडशेवर फोटो काढले, वहीत प्रत्येकाची नोंद केली, त्यातला एक सरांना दाखवला. मी ऑफिसमध्ये प्रोग्राममधली चूक शोधते, तेव्हा अगदी हेच करते: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, काय झालं ते लिहायचं, पुन्हा करायचं. त्या दिवसापासून मी 'छंद' हा शब्द वापरायचं सोडलं.

गेल्या दिवाळीत ती इथे, कनेरगावला, कॅमेरा घेऊन आली. गावातल्या वयस्कर बायकांचे फोटो काढायचं तिला काम होतं. अट अशी, की आधी परवानगी घ्यायची, जवळ बसून बोलायचं आणि प्रत्येकीला छापील फोटो परत आणून द्यायचा. आमच्या शेजारच्या आजी तिला म्हणाल्या, "माय, आधार कार्डावरला सोडला तर माझा फोटोच नाही. अन् त्यातली मी मलाच वळखू येत नाही." तिने त्यांना दारात बसवलं, सकाळचा उजेड चेहऱ्यावर एका बाजूने येईल असं. फोटो संक्रांतीला नेऊन दिला. आजी कितीतरी वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "ही मी हाय." आता तो फोटो त्यांच्या देव्हाऱ्याशेजारी लावलाय.

मला लोक विचारतात, आता संगणकच चित्र काढतो, फोटो बनवतो, मग हे कशाला शिकायचं? मी त्याच धंद्यात आहे, म्हणून सांगते. संगणक हवी तशी आजी बनवून देईल, सुरकुत्यांसकट. पण त्या बाईचं घर कुठल्याच गावात नसणार. आमच्या शेजारच्या आजी त्या सकाळी त्या दारात बसल्या होत्या. फोटो काढणारीला तिथे जावं लागलं, विचारावं लागलं आणि फोटो परत द्यायला यावं लागलं.

मी सगळं गोड गोड सांगणार नाही. या शिक्षणानंतर इंजिनिअरिंगसारखी कॉलेजात येऊन नोकरी देणारी कंपन्यांची रांग नसते. खाजगी महाविद्यालयांची फी जास्त असते, सरकारीत जागा कमी असतात. सुरुवातीची वर्षं लग्नाचे फोटो, दुकानांच्या मालाचे फोटो, जाहिराती यांत जातात. पैसे एका महिन्यात येतात, दुसऱ्यात येत नाहीत. कोणी कलाशिक्षक होतं, कोणी डिझाईनमध्ये जातं. माझ्याच ऑफिसात मोबाईल ॲपचा पडदा कसा दिसावा हे ठरवणारी काही मुलं कला शाखेतून आलेली आहेत. मुलीचं पुढे काय होईल, याची मला काळजी वाटते. पण इंजिनिअर झालेल्या मुलांच्या आई-बापांनाही हल्ली वाटतेच की!

शेवटी दोन गोष्टी.

पहिली सर्वांसाठी. आपण शाळेसाठी निधी जमवतोय. संगणक कक्षाची सूचना आली आहे, ती चांगलीच आहे. माझी विनंती एवढीच, की त्यातला थोडा भाग एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणाऱ्या मुलांच्या फीसाठी आणि रंग-कागदासाठी ठेवावा. आणि दरवर्षी त्या मुलांची अजिंठ्याला एका मुक्कामाची सहल न्यावी. ही लेणीही मराठवाड्यातच आहेत. १८४४ पासून रॉबर्ट गिल नावाचा लष्करी अधिकारी तिथे राहून भित्तिचित्रांच्या नकला करत होता. त्यातल्या बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. त्याने कॅमेऱ्यानेही ती लेणी टिपली होती. पुढे १८७२ पासून जे.जे.चे ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन तिथे गेले आणि त्यांनी पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही बऱ्याच १८८५ मध्ये लंडनच्याच दुसऱ्या आगीत गेल्या. आपल्या मुलांनी मूळ चित्रांसमोर वही घेऊन निदान एकदा बसावं. पहिल्या वर्षीच्या बसचं भाडं मी देते.

दुसरी गोष्ट सरांसाठी. सर, १९९६ च्या जूनमध्ये तुम्ही माझ्यासाठी सायकलवर आमच्या घरी आलात आणि मी दाराआडून बाहेर आले नाही. ते आज सर्वांसमोर सांगायचं होतं. तुम्ही ज्या मार्गाला मला लावू पाहत होतात, त्या मार्गाला माझी मुलगी लागली आहे. ती मागे उभी आहे, आपल्या सगळ्यांचा ग्रुप फोटो आज तीच काढणार आहे. आणि त्या दिवशीचा चहा राहिलाय सर. फोटो झाला की आमच्या घरी चला. आईने आधण ठेवलंय, आणि या वेळी तो उकळल्याशिवाय मी तुम्हाला जाऊ देणार नाही.