प्रश्नोत्तरांचा तास आणि आपले गाव

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या प्रसंगी शिक्षणाचे महत्त्व या विषयावर बोलावे, अशी काही मंडळींची सूचना होती. परंतु ते महत्त्व आपणांस ठाऊक आहे म्हणूनच आपण येथे जमलो आहोत. शाळेपर्यंत पोहोचण्याचा रस्ता, शाळेकडे येणारी गाडी, शाळेतील रिक्त जागा, गावचा दवाखाना आणि नळाचे पाणी यांविषयी सरकारला जाब कोण विचारतो, कसा विचारतो आणि त्यात आपला वाटा कोणता, या विषयावर मी आज बोलणार आहे. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात याला जेमतेम एक परिच्छेद मिळतो, आणि परीक्षा झाली की मुले तो विसरतात.

विधानसभेचे किंवा लोकसभेचे कामकाज सामान्यतः प्रश्नोत्तरांच्या तासाने सुरू होते. या तासात सभासद प्रश्न विचारतात आणि मंत्र्यांना उत्तर द्यावे लागते. हा मंत्र्यांचा मोठेपणा नव्हे, ती त्यांची जबाबदारी आहे. राज्याचे मंत्रिमंडळ विधानसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार राहील, असे आपल्या घटनेच्या १६४ व्या अनुच्छेदात स्पष्ट म्हटले आहे. जो जबाबदार आहे त्याने उत्तर दिले पाहिजे, एवढाच त्याचा सरळ अर्थ.

हा हक्क आपल्याला सहजासहजी मिळालेला नाही. आपल्या समाजातील थोर पुरुष बद्रुद्दीन तय्यबजी १८८२ साली मुंबईच्या विधिपरिषदेवर गेले. ते नामांकित बॅरिस्टर होते, कायद्याचे पंडित होते. पण १८६१ च्या कायद्याप्रमाणे परिषदेपुढे आलेल्या विधेयकापुरतेच सभासदांनी बोलायचे असे. कारभाराबद्दल प्रश्न विचारण्याची सोय त्यात नव्हती. १८९२ च्या कायद्याने प्रश्न विचारण्याची मुभा मिळाली, परंतु उत्तर आले की विषय संपला. त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येत नसे. १९०९ मध्ये मूळ प्रश्न विचारणाऱ्या सभासदाला पुरवणी प्रश्नाचा अधिकार मिळाला आणि १९१९ च्या सुधारणांनंतर तो इतर सभासदांनाही मिळाला. एक साधा प्रश्न आणि त्यावरचा दुसरा प्रश्न, एवढ्यासाठी या देशातील माणसांना अर्धे शतक खर्ची घालावे लागले.

आता आपल्या कोकणातले एक उदाहरण घेऊ. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव मुंबई विधिपरिषदेने संमत केला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालविलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्य मानलेल्या वर्गांना खुले असावेत, असा तो ठराव होता. सरकारने खात्यांना तशा सूचना पाठविल्या. महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये आपले तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदोपत्री सारे यथासांग झाले; तळ्याचे पाणी मात्र त्यांना मिळाले नाही. शेवटी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो अनुयायांसह चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. पुढे नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, प्रकरण न्यायालयात गेले आणि १९३७ च्या मार्चमध्ये उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. ठरावापासून निकालापर्यंत जवळजवळ चौदा वर्षे!

यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. सभागृहात बोलले गेले नसते तर हक्काला सरकारी आधार मिळाला नसता. आणि लोक स्वतः उठले नसते तर तो आधार दप्तरातच राहिला असता. ही दोन्ही चाके गाडीला लागतात.

महाराष्ट्र राज्य झाले तेव्हापासून आपल्या विधानमंडळात प्रदेशांचे प्रश्न सतत गाजत आले आहेत. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भ आणि मराठवाड्याला काही वचने दिली. विधानमंडळाचे दरवर्षी एक अधिवेशन नागपुरात व्हावे, हे त्यांतलेच एक. घटनेच्या ३७१ व्या अनुच्छेदातही विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी विकास मंडळांची तरतूद करण्यात आली. तरीही आमच्या भागात रस्ते का नाहीत, वीज का नाही, हा प्रश्न सभागृहात विचारला जातच राहिला. तेव्हा १९८३ मध्ये अर्थतज्ज्ञ प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमण्यात आली. रस्ते, पाटबंधारे, खेड्यांचे विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशा क्षेत्रांत राज्याच्या सरासरीच्या मागे कोणता जिल्हा किती आहे, ते या समितीने मोजले. १९८४ च्या अहवालात तिने हा अनुशेष ३,१८६ कोटी रुपयांचा असल्याचे दाखविले. तोपर्यंत जी नुसती तक्रार होती, तिला आकडा मिळाला. विकास मंडळे मात्र प्रत्यक्षात यायला १९९४ साल उजाडले, आणि ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली.

कोकण रेल्वेची कथा तर आपल्या घरचीच आहे. बॅ. नाथ पै १९५७ पासून राजापूर मतदारसंघातून लोकसभेवर निवडून येत होते. कोकणच्या रेल्वेसाठी त्यांनी संसदेत आवाज उठविला. १९७१ मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्याच मतदारसंघातून निवडून आलेल्या प्रा. मधु दंडवते यांनी तो प्रश्न पुढे चालविला. रूळ १९६६ मध्ये आपट्यापर्यंत आले होते, ते रोह्यास पोहोचायला १९८६ साल उजाडले. १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले, त्या वेळी जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री होते. २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग खुला झाला. प्रश्न विचारणारा माणूस गेला, तरी प्रश्न मागे पडला नाही. दुसऱ्याने तो उचलला. ज्यांची मुले मुंबईस शिकतात आणि ज्यांचे कर्ते पुरुष आखाती देशांतून रजेवर येतात, त्या आपल्या घरांना या चिकाटीची किंमत वेगळी सांगायला नको.

हा प्रश्न सभागृहात येतो कसा, तेही समजून घेतले पाहिजे. ज्या प्रश्नाचे तोंडी उत्तर हवे, त्यावर तारांकनाची खूण असते, म्हणून तो तारांकित प्रश्न. त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी मिळते. तातडीच्या विषयासाठी लक्षवेधी सूचना असते, आणि उत्तराने समाधान न झाल्यास अर्ध्या तासाची चर्चा मागता येते. मंत्र्यांनी सभागृहात दिलेल्या आश्वासनांचे पुढे काय झाले, हे पाहण्यासाठी आश्वासन समिती आहे. प्रश्नात वादविवाद, टोमणा किंवा मतप्रदर्शन चालत नाही. त्याची भाषा ठराविक असते: अमुक गावी अमुक पद अमुक दिनांकापासून रिक्त आहे, हे खरे आहे काय, असल्यास ते भरण्याबाबत कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, नसल्यास विलंबाची कारणे काय आहेत?

विद्यार्थी मित्रांनो, या भाषेकडे नीट पाहा. तीत गाव आहे, पद आहे, दिनांक आहे. ‘आमच्याकडे फार अन्याय होतो’ एवढ्या वाक्याचा तारांकित प्रश्न होत नाही. उर्दू शाळेत गणिताचा शिक्षक नाही, ही ओरड झाली. मंजूर पदे किती, भरलेली किती, रिक्त किती आणि केव्हापासून, हा प्रश्न झाला. पहिल्यावर मंत्री सहानुभूती व्यक्त करतील. दुसऱ्यावर त्यांना खात्याकडून माहिती मागवावी लागेल, ती खालच्या कचेरीपर्यंत येईल आणि तेथील धूळ खात पडलेली फाईल उघडली जाईल. पुष्कळदा उत्तर देण्याआधीच काम मार्गी लागते, ते यामुळेच.

उत्तरेही वाचायला शिकले पाहिजे. ‘हे खरे आहे’ याचा अर्थ उघड आहे. ‘हे अंशतः खरे आहे’ म्हटले की कोणता अंश खरा, ते पुढे शोधावे लागते. ‘प्रश्न उद्भवत नाही’ हे उत्तर वाचून पुष्कळ लोक निराश होतात. वास्तविक आधीच्या भागाला ‘नाही’ म्हटले की पुढच्या भागाचे उत्तर तसे येते. म्हणून पहिला भागच चोख असावा लागतो.

येथे अनुभवातली एक गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी मी ज्या शाळेत शिकवीत होतो, तेथून सुटणारी संध्याकाळची गाडी बंद झाली. आसपासच्या वाड्यांतील एकवीस मुली त्या गाडीने घरी जात. पालक आळीपाळीने जाऊन तोंडी सांगून आले. दर वेळी ‘बघतो’ असे उत्तर मिळाले. दोन-तीन महिन्यांत चार मुलींचे नाव शाळेतून काढण्यात आले, कारण अंधारात पायी घाट उतरायचा कसा? पुढे विषय लोकप्रतिनिधींपर्यंत गेला, त्यांनी चौकशी केली आणि खात्याचे उत्तर आले: याबाबत कोणतीही लेखी तक्रार प्राप्त झालेली नाही. लोक संतापले. परंतु उत्तर खोटे नव्हते! इतक्या फेऱ्यांत एकही कागद कोणी दिला नव्हता, मग पोच कुठली?

नंतर नववीच्या मुलांनी महिनाभर रोज किती विद्यार्थी आणि किती इतर उतारू गाडीसाठी खोळंबतात, याची वही ठेवली. मुख्याध्यापकांनी हजेरीपत्रकावरून गाववार यादी केली. पालकांच्या सह्यांचा अर्ज गेला, त्याची शिक्का मारलेली पोच घेतली गेली आणि प्रत लोकप्रतिनिधींना दिली गेली. शाळेच्या दिवसांपुरती का होईना, गाडी सुरू झाली. नाव काढलेल्या चारपैकी दोन मुली परत आल्या. दोघी आल्या नाहीत. एकीचे लग्न ठरले होते, दुसरी घरकामात अडकली होती. एक कागद वेळेवर गेला असता तर कदाचित त्याही दहावीला बसल्या असत्या.

आता काळ आणखी बदलला आहे. माहितीच्या अधिकाराचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे अमलात आला. २०२५ पर्यंत त्यात असलेली एक तरतूद प्रत्येक विद्यार्थ्याने पाठ करावी अशी होती. जी माहिती संसदेला किंवा राज्य विधानमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही, असा तिचा आशय होता. आजही ज्या माहितीसाठी आमदाराने प्रश्न विचारायचा, त्यातील पुष्कळशी आपण दहा रुपयांचे शुल्क भरून साध्या अर्जाने मागू शकतो, आणि सामान्यतः तीस दिवसांत उत्तर मिळाले पाहिजे. २०१५ मध्ये महाराष्ट्रात लोकसेवा हक्क कायदाही झाला. अधिसूचित केलेला दाखला किंवा सेवा ठरलेल्या मुदतीत मिळाली नाही, तर अपील करता येते. तय्यबजींना परिषदेत बसूनही जे विचारता आले नाही, ते आज गावच्या टपाल कचेरीतून पाकीट पाठवून विचारता येते.

म्हणून आमदारांचे महत्त्व कमी झाले असे मात्र समजू नका. माहिती आपण मिळवू शकतो, पण मंत्र्यांना सर्वांसमक्ष उभे करून उत्तर घेण्याचा अधिकार सभागृहालाच आहे. २०२० च्या सप्टेंबरमध्ये करोनाच्या साथीमुळे संसदेच्या अधिवेशनातून प्रश्नोत्तरांचा तास वगळण्यात आला आणि केवळ लेखी उत्तरांवर भागवावे लागले, तेव्हा देशभर त्यावर टीका झाली, ती याच कारणासाठी.

पालकांना माझी विनंती आहे. दवाखान्यात डॉक्टर नाही, शाळेत शिक्षक नाही, असे दिसले की चहाच्या दुकानात बोलून मन मोकळे करू नका. चार ओळी लिहा, दिनांक घाला, सह्या घ्या आणि पोच जपून ठेवा. लिहिता येत नसेल तर आपल्या मुलाकडून किंवा मुलीकडून लिहून घ्या. तिच्या शिक्षणाचा पहिला उपयोग घरालाच होऊ द्या. निवडणुकीत मत मागायला येणाऱ्यास, कोणत्याही पक्षाचा असो, एवढेच विचारा की गेल्या पाच वर्षांत आमच्या भागाबद्दल तुम्ही किंवा तुमच्या पक्षाच्या आमदारांनी सभागृहात कोणते प्रश्न विचारले. सरकारी सेवा ही खैरात नाही. ती आपल्या करांतून चालते. काडेपेटी विकत घेणारा मजूरही तो कर भरतो. तिच्याबद्दल विचारताना मान खाली घालण्याचे कारण नाही, आणि आवाज चढविण्याचेही नाही.

विद्यार्थी मित्रांनो, वर्गात जो विद्यार्थी उभा राहून ‘गुरुजी, हे समजले नाही’ असे म्हणतो, तोच उद्या कचेरीत आणि सभागृहात उभा राहू शकेल. तेव्हा वर्गात प्रश्न विचारायला लाजू नका. येत्या वर्षी प्रत्येक वर्गाने आपल्या गावातील एका सार्वजनिक सेवेची माहिती आकड्यांसह गोळा करावी, एक अर्ज लिहावा आणि त्याची पोच शाळेच्या फलकावर लावावी, अशी सूचना मी या व्यासपीठावरून करतो. पुढील स्मरणिकेत व्याख्यानांबरोबर त्या अर्जांची आणि त्यांना आलेल्या उत्तरांची यादीही छापली जावी, अशी इच्छा व्यक्त करून आपली रजा घेतो.