परमुलखाची माया



आपल्याकडे वारीहून आलेला माणूस गावात शिरला, की त्याला पहिला प्रश्न विचारतात, "काय पाहिलं?" दुसरा विचारतात, "काय आणलं?" त्याने प्रसाद आणि बुक्का पुढे केला, की विचारणाऱ्याचे समाधान होते. तिसरा प्रश्न मात्र आपण सहसा विचारीत नाही: "तिकडे काय ठेवून आलात?" आज ज्या गृहस्थांविषयी मी बोलणार आहे, त्यांची थोरवी या तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात आहे. त्यांचे नाव पांडुरंग सदाशिव खानखोजे. ते जन्माने वर्ध्याचे, आणि त्यांनी जीव लावला तो मुलूख होता मेक्सिको.

त्यांची गोष्ट सांगण्यापूर्वी माझी एक चूक आपल्यासमोर कबूल करतो. मी वाशीमला कॉलेजात इतिहास शिकवतो. २०२२ साली मालेगावकडच्या एका खेड्यातला विद्यार्थी वर्गात उभा राहिला आणि म्हणाला, "सर, आपल्या वर्ध्याच्या मानसाचा पुतळा मेक्सिकोत बसवला म्हन्तात. खरं हाय काय?" त्या दिवशी माझा पाठ मागे पडला होता. मी म्हणालो, "फोनवर येतं ते सगळं खरं नसतं. बस खाली." मुलगा खाली बसला. संध्याकाळी घरी येऊन पाहिले, तर गोष्ट खरी! मेक्सिकोतल्या चापिंगो येथील कृषी विद्यापीठात आपल्या लोकसभेच्या अध्यक्षांच्या हस्ते खानखोजे यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले होते. इतिहासात एम्. ए. झालेल्या आणि विदर्भातच वाढलेल्या मला हे नाव ओळीपुरतेही धड ठाऊक नव्हते. दुसऱ्या दिवशी वर्गात मी त्या मुलाची माफी मागितली. आता वाटते, माफी मागणे सोपे होते. अवघड काम पुढेच होते.

तोच मुलगा पुढे नोकरीसाठी पुण्याला गेला. परवा बाजार समितीच्या आवारात त्याचे वडील भेटले. सोयाबीनची पोती उतरवीत होते. मी विचारले, "काकाजी, मुलगा कसा आहे?" ते म्हणाले, "बरा हाय, मास्तर. पन तिकडंच रमला दिसते. मले एक सांगा, परमुलखाची माया लागली का मानूस घरचा राह्यते काय?" मला त्या ठिकाणी उत्तर सुचले नाही. "बघू, येईल," असे काहीतरी बोलून मी निघालो. आजचे हे भाषण म्हणजे त्या प्रश्नाला दिलेले उत्तर समजा.

खानखोजे यांचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या काळातला. टिळकांच्या राजकारणाने भारलेली ती पिढी. इंग्रजांना घालवायचे तर शस्त्रविद्या शिकली पाहिजे, या ध्यासाने हा तरुण विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात घर सोडून निघाला. जपानमार्गे तो अमेरिकेत पोचला. कॅलिफोर्नियात एका लष्करी शाळेत शिकला. ऑरेगन आणि वॉशिंग्टन या राज्यांतल्या कॉलेजांत त्याने शेतीशास्त्राचे शिक्षण घेतले. तिकडच्या पंजाबी मजुरांत मिसळून गदर चळवळीच्या उभारणीत भाग घेतला. पहिले महायुद्ध पेटले तेव्हा तो इराणात जाऊन इंग्रजांच्या फौजेविरुद्ध लढला. युद्ध संपल्यावर युरोपात वणवण झाली, १९२१ साली मॉस्कोही झाले. इंग्रजांचे हेर मागे होते आणि मायदेशाचे दार बंद होते. अशा स्थितीत १९२४ साली हा वर्धेकर मेक्सिकोत उतरला.

आता पाहा, या माणसाने किती मुलूख पाहिले! परंतु त्याचा जीव जडला तो मेक्सिकोवर. तिथे तो सुमारे तीस वर्षे राहिला. तिथेच १९३६ साली एका बेल्जियन युवतीशी त्याचा विवाह झाला आणि तिथेच दोन मुली झाल्या. असे का व्हावे? मला याचे कारण अगदी साधे वाटते. जपानात तो पाहुणा होता, अमेरिकेत विद्यार्थी होता, इराणात शिपाई होता आणि युरोपात परागंदा होता. मेक्सिकोने त्याच्या हाती शेत दिले. माणसाची माया नुसत्या पाहिलेल्या मुलखावर बसत नाही, राबलेल्या मुलखावर बसते. धुऱ्यावरून शेत पाहणारा आणि शेतात तास धरणारा, दोघांच्या डोळ्यांत फरक असतोच की नाही?

त्या काळचा मेक्सिको कसा होता, तेही सांगितले पाहिजे. १९१० साली तिथे मोठी राज्यक्रांती झाली होती. बड्या जमीनदारांच्या हजारो एकरांच्या जहागिऱ्या मोडून गावकऱ्यांना जमिनी द्याव्यात, अशी ती चळवळ. मेक्सिको शहराच्या पूर्वेला, टेस्कोको गावाजवळ चापिंगो आहे. ती पूर्वी अशीच एक जहागीर होती. क्रांतीनंतर देशाचे कृषी विद्यालय तिथे आणले गेले. जमिनीपासून घ्यायला शिकवावे, माणसाला पिळायला नव्हे, अशा अर्थाचे त्या विद्यालयाचे ब्रीद आहे. त्याच विद्यालयात खानखोजे अध्यापक झाले.

तिथल्या शेतकऱ्याचे घर त्यांना परके वाटले नसावे. मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून, भिजवून दगडी पाट्यावर वाटायचे, त्या पिठाचा गोळा तळहातांवर थापायचा आणि मातीच्या तव्यावर भाजायचा. आपल्या भाकरीची ही बहीणच, तिकडे तिला तोर्तिया म्हणतात. सोबत शेंगवर्गातल्या दाण्यांचे कालवण आणि खलबत्त्यात कुटलेली मिरची, म्हणजे आपला ठेचाच म्हणा ना! शेतात मका, मक्याच्या ताटावर चढणारा घेवडा आणि खाली पसरलेला भोपळ्याचा वेल, अशी तीन पिके एकत्र घेण्याची त्यांची फार जुनी रीत आहे. आपण ज्वारीत तूर पेरतो, त्यातलेच हे शहाणपण. घेवडा जमिनीला नत्र देतो, भोपळ्याचे पान ओल धरून ठेवते.

आणि आपले काय काय तिकडून आले आहे, याची कधी गणती केली आहे का? मका तिकडचा. मिरची तिकडची. पपई तिकडची. दसऱ्याला आपण ज्याचे तोरण बांधतो, तो झेंडूही मूळचा मेक्सिकोचा. तिथले लोक नोव्हेंबरच्या आरंभी आपल्या पितरांच्या सणाला त्याच फुलांनी थडगी सजवतात. एवढेच कशाला, आपल्या जिल्ह्यात आज लावली जाते ती अमेरिकन जातीची कपाशी, तिचेही मूळ घर मेक्सिकोच्या बाजूलाच. तेव्हा वर्ध्याचा माणूस मेक्सिकोत गेला, हे नवल वाटायला नको. मेक्सिको त्याआधीच आपल्या चुलीपर्यंत येऊन बसला होता!

खानखोजे यांचे मोठे काम मक्यावर झाले. मक्याची एक गंमत शिक्षकबंधूंनी मुलांना शेतात नेऊन दाखवावी अशी आहे. झाडाच्या शेंड्याला तुरा येतो, तो नर. खाली कणसाच्या टोकाला केस लोंबतात, तो मादीचा भाग. तुऱ्याचा पराग ज्या ज्या केसावर पडतो, त्या त्या केसामागे एकेक दाणा भरतो. पराग पडला नाही, की तेवढी जागा रिकामी राहते. दात पडलेल्या म्हाताऱ्यासारखे कणीस आपण पाहतो ना, त्याचे कारण बहुधा हे. नवी जात काढणारा माणूस कणसावर पिशवी बांधतो, वाऱ्याचा पराग अडवतो आणि आपल्याला हव्या त्या झाडाचा पराग हाताने त्या केसांवर टाकतो. मेक्सिकोत मक्याच्या शेताकडेला तेओसिंते नावाचे एक रानगवत उगवते. तेच मक्याचे मूळपुरुष. त्याचे कणीस बोटाएवढेही नसते आणि त्यात पाच-दहा टणक दाणे असतात. हजारो वर्षे बी निवडून निवडून तिथल्या शेतकऱ्यांनी त्याचा मका केला. आज मक्याचे कणीस पानांत इतके घट्ट गुंडाळलेले असते, की माणसाने सोलून पेरल्याशिवाय ते पीक टिकायचे नाही. खानखोजे यांनी मका आणि हे रानगवत यांचा संकर करून नव्या जाती तयार केल्या. मका, गहू, कडधान्ये, रबर अशा पिकांवर त्यांनी प्रयोग केले. थंडी आणि अवर्षण सोसणारे वाण काढण्याकडे त्यांचा ओढा होता.

पण मला त्याहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. चापिंगोच्या वर्गखोलीत शेतकऱ्याचे पोर येऊ शकत नाही, हे ओळखून त्यांनी मेक्सिकोतल्या सहकाऱ्यांबरोबर खेड्यांत मोफत शेतीशाळा काढल्या. फी नाही, परीक्षेचा धाक नाही. विद्या शेतकऱ्याच्या बांधावर गेली. त्यातल्या एका शाळेला क्रांतीतला शेतकऱ्यांचा पुढारी एमिलियानो झापाता याचे नाव दिले होते. तीना मोदोत्ती या इटालियन छायाचित्रकार बाईंनी या कामाची छायाचित्रे काढली. आणि दिएगो रिव्हेरा या जगप्रसिद्ध चित्रकाराने मेक्सिको शहरात शिक्षणखात्याच्या इमारतीत 'आपली भाकर' अशा अर्थाचे एक भित्तिचित्र काढले. त्यात जेवणाच्या मेजाभोवती कष्टकरी माणसे बसली आहेत आणि मध्यभागी भाकर मोडून वाटणारा पुरुष आहे, तो आपला खानखोजे! लक्षावधी लोकांच्या त्या देशात भाकर वाटणाऱ्याचा चेहरा चित्रकाराने परदेशी माणसाचा घेतला, याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणते?

मग घराचे काय? काकाजींचा प्रश्न इथे येतो. हा माणूस तिकडे इतका रुजला, तो आपला राहिला का?

त्याचे उत्तर त्यांच्या उत्तरायुष्यात आहे. देश स्वतंत्र झाला. १९४९ साली त्या वेळच्या मध्यप्रांत सरकारने त्यांना शेतीविषयी सल्ला देण्यासाठी बोलावले. गंमत म्हणा की दैवाची चेष्टा म्हणा, इंग्रजांनी केलेल्या काळ्या यादीत त्यांचे नाव अजून तसेच होते, म्हणून आधी प्रवेशाची परवानगीच नाकारली गेली. ज्या स्वातंत्र्यासाठी घर सोडले, त्याच स्वतंत्र देशाच्या दारात अडवले गेले! पुढे ती चूक दुरुस्त झाली. १९५५ साली, सत्तरीच्या घरात, ते कायमचे परत आले आणि नागपुरास राहिले. जमलेले घर आणि मिळालेला मान मागे ठेवून आले. परमुलखाच्या मायेने घरची ओढ आटली असती, तर त्या वयात ही उठाठेव कोणी केली असती?

जानेवारी १९६७ मध्ये नागपुरात त्यांचे निधन झाले. त्या दिवसांचा योग मनाला चटका लावतो. १९६६ साली आपल्या देशाने मेक्सिकोतून अठरा हजार टन गव्हाचे बियाणे आणले होते. लर्मा रोहो, सोनोरा अशी त्या वाणांची नावे. खानखोजे यांनी डोळे मिटले तेव्हा तो मेक्सिकन गहू उत्तर भारताच्या शेतांत हिरवागार उभा होता. इथे एक सांभाळून बोलले पाहिजे. तो गहू खानखोजे यांचा नव्हे, तो डॉ. नॉर्मन बोरलॉग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेला. खऱ्या माणसाला खोटे श्रेय चिकटवले, की त्याचे खरे श्रेयही झाकोळते. पण बोरलॉग १९४४ साली मेक्सिकोत पोचले, त्याच्या वीस वर्षे आधीपासून एक वैदर्भी माणूस तिथल्या मातीत वाण शोधीत होता, हे तरी आपण विसरू नये.

तिथे ते आठवणीत राहिले. इथे मात्र त्यांच्या कन्या सावित्री यांनी वडिलांचे चरित्र इंग्रजीत लिहिले तेव्हा अनेकांना ते कळले, आणि माझ्यासारख्याला तर एका विद्यार्थ्याने विचारले तेव्हा. दोष मेक्सिकोच्या मायेचा नव्हता. आम्हीच विचारपूस केली नाही.

म्हणून गुरुजनहो, आपल्या शाळेच्या आवारात चार ताटे मक्याची लावा, मुलांना त्याचे केस दाखवा आणि खानखोजे यांचे नाव सांगा. एखादे पोर उठून वेडावाकडा प्रश्न विचारील. त्याला "बस खाली" म्हणू नका.

आणि काकाजी, आपण हे ऐकत असाल तर आपल्याला सांगतो. मुलगा परत येईलच, असा शब्द मी देऊ शकत नाही. पण तो तिकडे रमला म्हणून तुटला, असे समजू नका. त्याला फोनवर "कधी येतोस?" एवढेच विचारू नका. "तिथं काय काम करतोस, कोण माणसं आहेत, काय खातोस, काय शिकलास?" हेही विचारा. आपल्या पेरणीचे आणि पावसाचे त्याला सांगा. ज्याची विचारपूस घरून होते, त्याचा घरचा रस्ता मोडत नाही. खानखोजे यांच्या पायांखालचा तो रस्ता जवळजवळ पन्नास वर्षे मोडला नाही.