जर्मन कशासाठी शिकायची?



पोटासाठी दुसरी भाषा शिकणे परभणीकरांना नवे नाही. सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. कचेरीचा कारभार उर्दूत चाले. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच. ज्याला ती लिपी येत नसे, त्याच्या शेताचा कागद दुसऱ्याने वाचायचा आणि त्याने खाली अंगठा उठवायचा. आज आपली मुले जर्मन शिकू लागली आहेत, तेव्हा आम्हाला तो अंगठा आठवतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठविण्याचा करार केला. १०,००० तरुणांची गोष्ट निघाली आणि घरोघरी चौकशी सुरू झाली. किती महिने लागतील? खर्च किती? एकर विकून मुलाला धाडणाऱ्या बापाने हे विचारलेच पाहिजे. परंतु त्याआधीचा प्रश्न असा, की ही भाषा शिकायची कशासाठी?

प्रमाणपत्रासाठी, असे कोणी म्हणेल. या भाषेच्या सहा पायऱ्या मानतात. तिसऱ्या, म्हणजे बी-वन पायरीच्या गोएथे परीक्षेत वाचणे, ऐकणे, लिहिणे आणि बोलणे असे चार भाग असून प्रत्येकात १०० पैकी ६० गुण लागतात. परिचारिकेला साधारणतः पुढची बी-टू पायरी गाठावी लागते. पाठांतरावर थोडी मजल मारता येईल. पण समोरचा माणूस आपण पाठ केलेलेच विचारील, असे थोडेच आहे? म्हणून चूक तेथल्या तेथे दुरुस्त करणारा शिक्षक हवा. शिकवणी लावताना एवढेच पाहावे, की तासाभरात मास्तर किती बोलतात आणि मुलगा किती बोलतो.

मराठी मुलाने घाबरू नये. तो, ती, ते ही तीन लिंगे त्याच्या तोंडात आहेतच. जर्मनमध्येही डेर, डी, डास अशी तीनच आहेत. शब्दांची लिंगे मात्र जुळत नाहीत. आपला सूर्य तो, त्यांची सूर्य ती! विभक्ती आपल्याला ठाऊक आहेत, तू आणि आपण यांतला फरकही ठाऊक आहे. ज्याचे मराठी व्याकरण पक्के, त्याचे निम्मे ओझे उतरले.

इरावती कर्वे यांचे उदाहरण घ्या. बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली त्यांनी कवट्यांच्या विषमतेचा अभ्यास केला आणि १९३० च्या सुमारास डॉक्टरेट मिळविली. फिशर वंशश्रेष्ठतेचे पुरस्कर्ते. पण कवटीच्या विषमतेचा वंशाशी संबंध आढळत नाही, असा निष्कर्ष बाईंनी मांडला. परक्या देशात, गुरूच्या मताविरुद्ध! त्यामागे धैर्य होते हे खरेच. पण ते धैर्य मांडायला भाषाही लागते.

आपल्या मुलांना प्रबंध लिहायचे नसतील. त्यांच्यापुढे करारपत्र येईल, घरभाड्याचा कागद येईल, रुग्णाला द्यायच्या औषधाची चिठ्ठी येईल. तेथे न समजता मान डोलावणे म्हणजे आजोबांचाच अंगठा पुन्हा उठविणे होय.

म्हणून शिक्षकांनी पहिल्याच आठवड्यात एक वाक्य पक्के करून घ्यावे : ‘इश फेरश्टेहे दास निश्ट’, मला हे समजत नाही. नकार त्यांच्याकडेही येथे शेवटी येतो, आपल्यासारखाच. हे वाक्य न लाजता म्हणणारा मुलगा फसणार नाही. त्याला खुशाल निरोप द्यावा.